त्रेचाळीस दात

आमच्या बेळगाव-खानापूर भागात जीप म्हणजे नुसती गाडी नव्हे, ती घरातलंच एक माणूस असते. तिला नाव नसतं, पण स्वभाव असतो. जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला वळलं, की पावसाळ्याचे चार महिने डांबरी रस्त्याखेरीज जे काही असतं, त्याला रस्ता म्हणणं हा केवळ चांगुलपणा. लाल चिखल, ओढे, त्यात बुडालेल्या शिळा आणि वरून धो धो पाऊस. अशा ठिकाणी मराठीत, कन्नडात आणि कोंकणीतही एकच शब्द चालतो, तो म्हणजे 'जीप'. गाडी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या सालची, हे मागाहून.

पूर्वी बैलांच्या शिंगांना रंग द्यायचे, आता जिपेला मोठे टायर घालतात. हौस तीच. २०२० साली महिंद्रांची नवी थार आली, तिच्या वरच्या मॉडेलला कारखान्यातूनच २५५/६५ आर १८ मापाचे टायर होते. या आकड्यांचा अर्थ असा, की टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि आतली रिम १८ इंची. हिशेब केला तर टायरची एकूण उंची ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच भरते. तेव्हापासून आमच्याकडच्या जुन्या जिपांच्या मालकांना आपल्या गाडीची चाकं अचानक खुजी वाटू लागली. त्या मालकांत माझा भाचाही होता.

ही जीप त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या भावजींच्या वडिलांनी, घेतलेली. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही एक. चार सिलिंडरचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती, तीन गिअर पुढे, एक मागे. भावजी गेले, पण जीप राहिली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, कणकुंबीच्या अलीकडे शेतावरच्या घरात राहते. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेत दोन ओढे आहेत. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर दुसरं वाहन येत नाही. अक्काचं वय आता ऐंशीच्या घरात. रात्री-अपरात्री खानापूरचा दवाखाना गाठायचा, तर ही जीपच. तेव्हा जिपेत काही फेरफार करायचा म्हणजे केवळ हौसेचा मामला उरत नाही, हे आधी सांगून ठेवतो.

२०२४ च्या मे महिन्यात भाच्यानं ३१ इंची पाच टायर आणि त्यांना बसणाऱ्या १५ इंची रुंद रिम आणल्या. मूळची चाकं १६ इंची रिमची, ६.०० रुंदीच्या अरुंद टायरची, उंचीला सुमारे २८ इंच. नवी चाकं घातल्यावर गाडी खरोखर रुबाबदार दिसू लागली. पण चारच दिवसांत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, गाडी म्हातारी झाल्यासारखी वागते. चढाला तिसरा गिअर घेत नाही, दुसऱ्यात नुसती ओरडते. इंजिन खोलायला लागेल काय?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्याला म्हटलं, "इंजिन राहू दे. आधी त्रैराशिक मांडू."

जिपेच्या धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राऊन, छोटं ते पिनियन. इंजिनाकडून आलेला लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला आणि क्राऊन चाकांना. लष्करी जिपेच्या क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. एकोणचाळीस भागिले आठ म्हणजे ४.८८. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगानं फिरतात, म्हणजे इंजिनाचे पावणेपाचपेक्षा थोडे जास्त फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. त्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाईल, ते मात्र टायरच्या घेरावर अवलंबून.

टायर मोठा घातला, की त्याच फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते. ऐकायला हा फायदा वाटतो, पण इंजिनाचा जोर काही वाढलेला नसतो. पहारीचा टेकू लांब सरकवावा तसं होतं. पल्ला वाढतो, जोर घटतो. विहिरीचा रहाट ज्यानं ओढला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. ज्या प्रमाणात घेर वाढला, त्याच प्रमाणात दातांचं गुणोत्तर वाढवलं, की सगळं पूर्वपदावर येतं. गणित एवढंच.

पण त्रैराशिकात घालायचे आकडे कुठले घ्यायचे, इथे खरी मेख आहे. टायरवर छापलेला ३१ हा आकडा नावापुरता असतो. हवा किती, भार किती, यावर जमिनीवर चालणारा घेर ठरतो. म्हणून आम्ही अंगणात खडूनं खूण करून मोजलं. टायरच्या तळाशी एक रेघ, तिच्याखाली जमिनीवर एक रेघ. गाडी सरळ ढकलायची, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की तिथे दुसरी रेघ. मधलं अंतर टेपनं मोजायचं. जुन्या चाकाचं भरलं २१८ सेंटिमीटर, नव्याचं २३८. भाच्याला वाटत होतं, ३१ आणि २८ यांचा भागाकार केला की झालं. त्या हिशेबानं ४.८८ चं गुणोत्तर ५.४० करायला हवं होतं. जमिनीवरचा हिशेब ५.३२ सांगत होता.

त्याआधी आणखी एक गोष्ट पाहायची होती. आपल्या जिपेत खरोखर ३९ दात आहेत का? सत्तर-पंच्याहत्तर वर्षं चाललेल्या गाडीत कुणी, कधी, काय घातलं असेल, याचा नेम नसतो. ते पाहायलाही फुगवटा खोलावा लागत नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, गिअर न्यूट्रल करायचा, बाकीच्या तीन चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवायचं. एक चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊनचा एक फेरा होतो. तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला, ते खालून मोजायचं. पाचाला थोडा कमी भरला, तर ३९ दात. सव्वापाचाच्या किंचित वर गेला, तर ४३. दगड लावायला विसरायचं नाही, कारण या जिपेचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो, शाफ्टवरच असतो, आणि मोजताना तो सोडावाच लागतो. आमचा शाफ्ट पाचाला थोडा कमी भरला. मग पुढच्या धुऱ्याचंही तसंच पाहिलं. तिथेही तेच.

आता हा ४३ कुठून आला, त्याचीही एक हकिगत आहे. लढाई संपत आली, तेव्हा विलीस कंपनीनं १९४५ साली जिपेची नागरी आवृत्ती काढली. ती शेतकऱ्यांसाठी होती. नांगर ओढायचा, गवत कापायचं, पाणी उपसायचं, असली कामं. सैन्यातल्या जिपेला रस्त्यावर धावायचं होतं, शेतातल्या जिपेला रेटायचं होतं. म्हणून कंपनीनं क्राऊनला ४३ दात दिले, पिनियनला तेच ८. गुणोत्तर झालं ५.३८. पुढे १९५३ साली उंच बॉनेटची सीजे-३बी निघाली, तिलाही हेच गुणोत्तर, आणि तीच गाडी महिंद्रांनी आपल्याकडे कित्येक दशकं बनवली. त्यामुळे ४३ दातांचं क्राऊन हे काही परदेशाहून मागवायचं नवल नव्हे. कागद म्हणतो ५.४०, जमीन म्हणते ५.३२ आणि बाजारात मिळतो ५.३८. दोन्हींच्या मधोमध. एवढा जुळून आलेला हिशेब शाळेतल्या उदाहरणांतही क्वचित सापडतो.

याची दुसरी बाजूही गमतीची आहे. ज्याच्या जिपेत आधीच ४३ दात आहेत, त्यानं ३१ इंची टायर घातले, तर तिचा जोर जवळपास लष्करी जिपेएवढा होतो. त्याची गाडी निभावून जाते. म्हणूनच "अमक्यानं टायर घातले, त्याला तर काहीच झालं नाही" हे वाक्य फसवं असतं. अमक्याचे दात मोजल्याशिवाय त्याच्या टायरचं उदाहरण घेऊ नये.

भाच्यानं विचारलं, "आठ-नऊ टक्क्यांचाच तर फरक. एक गिअर खाली घालून चालवली तर?" प्रश्न रास्त होता. पण या जिपेचा दुसरा गिअर १.५६ चा आणि तिसरा सरळ १ चा. दोहोंत छप्पन टक्क्यांची दरी. आठ टक्क्यांची उणीव भरायला छप्पन टक्क्यांची उडी मारायची, म्हणजे एक पायरी चढण्यासाठी माळ्यावर शिडी लावणं. तिसऱ्यात ताशी ६० किलोमीटरला पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे २२४० फेरे घ्यायचं, नव्या टायरवर ते २०५० वर आलं. या इंजिनाचा पीळ सगळ्यांत जास्त असतो तो २००० फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे सपाटीला चालून जातं, पण जरा चढ आला, वेग उतरला, की इंजिन त्या आकड्याच्या खाली घसरतं आणि मग सावरत नाही. भाच्याला जे म्हातारपण वाटलं, ते हेच. ४३ दात घातले, की तेच फेरे पुन्हा २२६० वर येतात.

इथपर्यंत सगळं वहीतलं. पुढचा प्रसंग दुकानातला. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात भाच्याला सल्ला मिळाला, की मागचंच क्राऊन-पिनियन बदला, पुढचा धुरा वर्षातून चार वेळा लागतो, त्यावर कशाला खर्च? निम्म्या पैशांत काम. कुणालाही पटेल असा सल्ला. भाच्यालाही पटला होता.

मी त्याला मेस्त्रींकडे घेऊन गेलो. हे मेस्त्री आमच्या ओळखीतले, घरची भाषा कन्नड, धंद्याची भाषा अर्धी मराठी, अर्धी उर्दू आणि शिव्या तिन्हींत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. भाच्यानं दुकानातला सल्ला सांगितला. अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाले, "मुंदे, हिंदे, एरडू ओंदे." पुढचं, मागचं, दोन्ही एकच. मग आम्हाला समजावं म्हणून मराठीत म्हणाले, "पुढचा बैल दहा पावलं चालला आणि मागचा अकरा, तर जू कोण सांभाळणार?"

बैलांची बाब सोडली, तर हिशेब तंतोतंत होता. फोर बाय फोरचा दांडा ओढला, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोन्ही सारखेच फिरतात. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल, तर मागची चाकं शंभर मीटर जाताना पुढची एकशे दहा मीटर जाऊ पाहतात. या जिपेत हा फरक सोसायला मध्ये काहीही नसतं. मग चाक तरी घसरतं, नाहीतर पीळ साठत साठत शाफ्ट, क्रॉस किंवा दात यांपैकी जे अशक्त असेल ते जातं. चिखलात घसरून निभावेल, दगडावर चाकानं पकड घेतली की नाही निभावणार.

या सल्ल्यातलं वाईट असं, की त्यातली खोट एरवी दिसतच नाही. मागच्या दोन चाकांवर गाडी वर्षभर धावेल, चढाला जोर देईल, मालक दुकानदाराला दुवा देईल. खोट बाहेर येईल ती नेमक्या त्या रात्री, जेव्हा ओढ्याला पाणी असेल, अक्का शेजारच्या सीटवर असेल आणि भाचा तो दांडा ओढेल. ज्या वस्तूची गरज वर्षातून चारदाच पडते, ती त्या चार वेळांसाठीच ठेवलेली असते. बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस ती कशी वागते, हे तिचं मोजमाप नव्हे. मी हे भाच्याला याच शब्दांत सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं दुकानात फोन लावून दोन सेट सांगितले.

क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनंच घ्यायचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन असा संसार होत नाही. बसवण्याचं कामही फार नाजूक. अण्णांनी क्राऊनच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, पिनियन हातानं फिरवलं आणि शेंदूर कुठे पुसला गेला, ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. डाग दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला उमटला तर पिनियन आत-बाहेर करायचं, त्यासाठी कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालायच्या किंवा काढायच्या. दोघांमधली मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायची. दोन धुऱ्यांना अण्णांनी तीन दिवस घेतले. दुपारी कुणी घाई केली, की ते म्हणत, "देवाला शेंदूर लावताना घाई करता काय?"

बसवल्यावरही लगेच पळवायची नाही. पहिल्या दिवशी थोडं अंतर हळू चालवून धुरा गार होऊ द्यायचा, पुन्हा थोडं. पहिल्या सात-आठशे किलोमीटरपर्यंत ओझं ओढायचं नाही. मग तेल बदलायचं, कारण नव्या दातांची बारीक झीज त्यात उतरलेली असते. तेलही हायपॉइड दातांसाठी असतं तेच, नव्वद नंबरचं.

आता हे सगळं केल्यावर काय परत मिळालं आणि काय नाही, तेही सांगायला हवं. चढाचा जोर परत मिळाला. घाट उतरताना इंजिन गाडीला जो धरून ठेवतं, तो आधारही परत आला. वेगाचा काटा शाफ्टच्या बाजूनं चालतो, त्यामुळे मधल्या काळात ४० दाखवताना गाडी खरी ४४ च्या जवळ धावत होती, तो पुन्हा खरं बोलू लागला. हॅन्डब्रेक शाफ्टवर असल्यामुळे त्यालाही वाढलेल्या दातांचा फायदा मिळाला.

पायातला ब्रेक मात्र चाकांच्या ड्रममध्ये असतो. तिथे दातांचं काही चालत नाही. टायर मोठा झाला, की तेवढ्याच जोरानं दाबलेला ब्रेक आठ टक्क्यांनी कमी धरतो, आणि ही उणीव क्राऊन बदलून भरून येत नाही. चाकांचं वजन वाढलेलं, ते वेगळंच. शिवाय पुढचे रुंद टायर पूर्ण वळवले की पाट्यांना घासत होते, म्हणून स्टिअरिंगचा अडसर पुढे घ्यावा लागला आणि जिथे गाडी एका दमात वळायची, तिथे आता दोनदा मागेपुढे करावं लागतं. एकोणचाळीसऐवजी तितक्याच जाडीत त्रेचाळीस दात बसवायचे, म्हणजे प्रत्येक दात थोडा बारीकच होणार, हेही लक्षात ठेवायचं. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करायला बंधन घालतं. तेव्हा चाकं वाढवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, हे मी भाच्याला सांगितलं आणि वाचकांनाही सांगतो.

मग मोठे टायर घालावेत की नाही? माझ्या मते आधी वाट पाहावी, मग टायर पाहावा. अक्काच्या वाटेवर दोन ओढे आणि शिळा आहेत, तिथे धुऱ्याचा फुगवटा जमिनीपासून इंचभर उंच गेला, तर खरंच उपयोग होतो. टायरची उंची तीन इंच वाढली, तरी फुगवटा त्याच्या निम्म्यानंच उचलला जातो, हेही ध्यानात घ्यावं. ज्याची जीप टिळकवाडीतून खडेबाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरते, त्यानं जुन्या चाकांवर सुखानं फिरावं. त्यात कमीपणा नाही. पण घालायचेच असतील, तर टायरच्या पैशांतच दोन्ही धुऱ्यांच्या दातांचे पैसे धरावेत. तेवढे नसतील, तर टायरही थांबू द्यावेत.

त्या जुलैत एका संध्याकाळी अक्काच्या छातीत कळ आली. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. भाच्यानं तिला जिपेत बसवलं, पहिला ओढा दुसऱ्या गिअरमध्ये आणि दुसरा पहिल्यात, चारही चाकांवर, सावकाश ओलांडला. खानापूरला डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी घरी सोडलं. पित्त निघालं. परतताना मी मागे बसलो होतो. ऊन पडलं होतं आणि अक्काला बोलायची तरतरी आली होती.

"काय रे," तिनं लेकाला विचारलं, "एवढे पैसे घातलेस म्हणे हिच्यात. आता जोरात पळते काय?"

"नाही गं आई. पहिल्यासारखीच पळते."

"मग बरं," अक्का म्हणाली, आणि ओढा आला तशी तिनं समोरची दांडी घट्ट धरली.